हात कानाला लागेपर्यंत

जेल कुठला होता ते मी सांगत नाही. जिल्हा भंडारा, एवढं पुरे. गावाचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याला त्याचा कोणीतरी मामा आठवतो, तो तिथं कारकून असतो, आणि माझं बोलणं तिथंच राहून जातं. तर आमच्या जिल्ह्यातल्या एका जेलात मी लहानपणची तीनेक वर्षं काढली. गुन्हा माझा नव्हता. सजा आईला लागली होती आणि मला बाहेर सांभाळणारं कोणी नव्हतं, म्हणून मी तिच्या कडेवर बसून आत गेले.

हे सांगितलं की बाया च्च्च करतात. त्या च्च्चचा मला भारी राग येतो. मी तिथं उपाशी राहिले नाही. मला कोणी मारलं नाही. मी फक्त घाबरलेली होते, सकाळच्या उघडणीपासून संध्याकाळच्या बंदीपर्यंत, आणि कशाला घाबरते हे मला नेमकं ठाऊक होतं. माझा उजवा हात डोक्यावरून जाऊन डाव्या कानाला लागेल, याची मला भीती वाटत असे. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी मला आईपासून काढून नेणार होते.

पण आधी आईचं सांगते. बाबा तापात गेले तेव्हा मी पाळण्यात होते. मागे राहिल्या दोन बांध्या. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं वावर, चारी बाजूंनी धुरा, म्हणजे बांध, घालून पाणी अडवलेलं. रोवण्याच्या, म्हणजे धान लावणीच्या, दिवसांत काकाने आमचा धुरा फोडला आणि पाणी आपल्या बांधीत घेतलं. आई भांडायला गेली आणि भांडता भांडता तिने हातातलं फावडं चालवलं. काका वाचला, पण त्याचा एक हात कायमचा अधू झाला. कोर्टात तिला विचारलं, तू मारलंस का? तिने सरळ "होय जी" म्हणून सांगितलं. वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. "पुन्हा फोडन तं पुन्हा मारीन" असंही ती म्हणाली होती म्हणतात. ती स्वतः मात्र हे कधीच कबूल करत नाही. सक्तमजुरी लागली. आजोळी मामा होता, पण मामीने दारातूनच सांगितलं की तुरुंगवालीची पोर आमच्या घरात नको. आईच्या मनातून ते दार त्या दिवशी बंद झालं.

आणीबाणी उठून एखादं वर्ष झालं असेल, तेव्हाची ही गोष्ट. बायकांचा भाग म्हणजे एक लांबट खोली, पुढे फरशीचं अंगण, कोपऱ्यात पाण्याचा हौद आणि भोवती भिंत. भिंतीपलीकडे पुरुषांचा जेल होता. तिकडचे आवाज यायचे, माणसं कधी दिसली नाहीत. सकाळी कुलूप निघायचं ती उघडणी, संध्याकाळी लागायचं ती बंदी. मग गिनती. बायका दोघी-दोघींच्या जोडीने उकिडव्या बसायच्या आणि जमादारीणबाई बोट दाखवत मोजायची. जमादारीणबाई म्हणजे आमच्यावरची पहारेवाली. मोजून झालं की ती दारातून पलीकडच्या शिपायाला ओरडून सांगायची, बायका इतक्या, लेकरू एक. ते लेकरू मी. मी कोणाच्या जोडीत नसे, रांगेच्या शेवटी एकटी बसे. बोलायला लागल्यावर मीही तिच्या मागून "लेकरू एक" म्हणून ओरडत असे आणि बाया हसत.

गिनती चुकली तर पुन्हा मोजायचे, पुन्हा चुकली तर कोणी जागचं हलायचं नाही. एकदा पुरुषांकडची गिनती जमेना म्हणून पगली वाजली. पगली म्हणजे धोक्याची घंटा, कैदी पळाला की वाजवतात ती. त्या घंटेला पगली का म्हणतात ते ती ऐकल्यावर कळतं. आम्हाला तशाच आत कोंबून कुलूप घातलं आणि पलीकडे बुटांची पळापळ सुरू झाली. आईने माझे कान दाबून धरले होते, तरी तो आवाज तिच्या हातांतून आत येत होता. पळालेलं कोणीच नव्हतं, मोजणाराच चुकला होता.

नियम पुष्कळ होते आणि मला ते सगळे पाठ होते, कारण दुसरं पाठ करायला काही नव्हतंच. काच ठेवायची नाही, म्हणून बांगड्या नाहीत आणि आरसाही नाही. सुई नाही, दोरी नाही. डोक्याला तेल आठवड्यातून एकदा, पळीभर. गाणं म्हणायचं नाही. बंदी झाल्यावर बोलायचं नाही. जेवण दुपारी आणि मग उजेड असतानाच संध्याकाळचं, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटात. ते ताट आत घेऊन बसायचं, भूक लागेल तेव्हा थंड खायचं. भाकर, पातळ वरण, आणि बहुतेक वेळा दुधीची भाजी. आमची माणसं भाताची. आई रोज भाकर चावून चावून म्हणायची, पोट भरते पण जेवल्यासारखं नाही वाटत. आणि कामाला तिला काय दिलं होतं? तांदूळ निवडणं. दिवसभर सूप घेऊन ती जेलच्या कोठीतला तांदूळ पाखडायची, खडे काढायची, आणि त्यातला दाणा तोंडात टाकला तर पेशी. पेशी म्हणजे जेलच्या मोठ्या साहेबांपुढे उभं करणं. पेशी झाली की माफी कापायचे.

माफी हा शब्द आमच्याकडे देवाच्या नावासारखा घेतला जाई. नीट वागलं, काम पुरं केलं, की सजेतले दिवस कमी होत, त्याला माफी म्हणत. आईने आपली माफी जिवापाड जपली होती. सगळी धरून तिची सुटका धानाच्या कापणीनंतर होती. हलका धान आधी कापतात, भारी धान उशिरा. "भारी धान बांधीतून निंगला का आपन बी निंगलो," असं ती मला सांगायची. मला धान म्हणजे सुपातला तांदूळ माहीत. तो बांधीतून कसा निघतो हे काही कळायचं नाही, पण आपण निघणार हे कळायचं.

आता तो नियम. बाईसोबतचं लेकरू पाच वर्षांचं होईपर्यंत आत राहू शकतं. पुढे नातेवाईक न्यायला आले तर ते, नाही तर सरकारी बालगृह. आमचं बालगृह नागपूरला होतं. माझ्या जन्माचा दाखला नव्हता. आत घेताना कोणीतरी नुसतं "लहान मूल" म्हणून लिहून मोकळं झालं होतं. त्यामुळे मी पाचची केव्हा झाले हे एका आईला सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि आई सांगणार नव्हती.

साहेब दर आठवड्याला फेरीला येत. त्या दिवशी फरशी घासायची, कांबळीची घडी पायाशी ठेवायची, ताट-मग त्याच्यावर, आणि ओळीने उकिडवं बसायचं. साहेब घाटावरचे होते, बोलायचे शुद्ध, आवाज कधी चढवायचे नाहीत. एका फेरीला ते माझ्यापुढे थांबले. "ही केवढी झाली?" आई म्हणाली, "लहान आहे जी." साहेब म्हणाले, "लहान म्हणजे केवढी?" आईने मान खाली घातली. साहेबांनी जरा विचार केला आणि जमादारीणबाईला म्हणाले, "हात कानाला लागतो का बघा."

शाळेत नाव घालायच्या वेळी तेव्हा गावोगाव असंच बघत. दाखला कोणाकडे असायचा? पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की पोर शाळेजोगं झालं. मास्तर करत ते साहेबांनी केलं, यात त्यांचं वाकडं काही नव्हतं. जमादारीणबाईने माझा हात धरून डोक्यावरून नेला. बोटं कानाच्या वरच राहिली. "नाही लागत, सायब." साहेब पुढे गेले. मी मान वळवून पाहिलं तर आईच्या तोंडाचा रंग उडाला होता. हात नाही लागला ना, मग ही का घाबरली, ते मला त्या क्षणी कळलं नाही. संध्याकाळी बंदी झाल्यावर तिने तोंड माझ्या कानाशी आणून ते मला समजावून सांगितलं. मला वाटतं, मोठं माणूस लहान पोराला सांगतं त्यातलं सगळ्यात वाईट तिने मला त्या संध्याकाळी सांगितलं, आणि तिला दुसरा इलाज नव्हता.

तिथून माझी शाळा सुरू झाली. हात कुठं थांबवायचा ते तिने मला शिकवलं. खांदा खाली दाबायचा, कोपर जरा वाकडं ठेवायचं, मान हातापासून दूर न्यायची, पण दिसेल इतकी नाही. कोणी हात धरून ओढला तर जोर लावायचा नाही, रडायला लागायचं. केसांचा तिने टाळूवर अंबाडा बांधला, जेवढा उंच होईल तेवढा, म्हणजे हाताला तो डोंगर चढून जावं लागेल. अंबाडा बांधायला दोरी नव्हती, तेव्हा लुगड्याची चिंधी वापरली, आणि चिंधीबद्दल जमादारीणबाईचं बोलणं खाल्लं.

आणि सगळ्यात मोठा धडा हा की साहेबलोकांनी काहीही विचारलं तर नाही म्हणायचं.

"काई बी?" मी विचारलं.

"काई बी. लागते का? नाही. मोठी झाली का? नाही. समजते का? नाही."

"काहून?"

"मी कोर्टात होय म्हनलं," आई म्हणाली, "तं पाह्य कुठं येऊन बसलो. तू नाई म्हनजो."

मग ती साहेब व्हायची. हनुवटी वर करून, हात मागे बांधून विचारायची, काय गं, पाचची झालीस का? मी म्हणायचे, नाही. तुला शाळेत जायचं का? नाही. तुला खाऊ पाहिजे का? इथं मी अडकायची. ती चिमटा काढायची. पुन्हा विचारायची. नाही, नाही, नाही. हा आमचा खेळ होता, पण खेळताना दोघींपैकी कोणी हसत नसे.

मी माझ्या हाताला घाबरू लागले. तो माझाच, पण माझ्या नकळत वाढत होता. पाठ खाजली तरी डाव्या हाताने खाजवायची. बसले की उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायची, मुंग्या येईपर्यंत. लेकरू म्हणून मला रोज मगभर दूध मिळे. बोलता बोलता कोणीतरी म्हणालं की दुधाने हाडं वाढतात, आणि त्या दिवसापासून दूध मला गिळेना. आई समोर बसून पाजायची. एकदा दुधाचा मग माझ्या तोंडाशी धरून तिने मध्येच खाली घेतला, दुधाकडे पाहत बसली, आणि मग एकदम रागाने पुन्हा तोंडाला लावला. "पे," ती म्हणाली, "पे माय, मी का राक्षसीन हाओ?" तेव्हा तिच्या मनात काय येऊन गेलं असेल ते मला स्वतःला पोर झाल्यावर कळलं.

जमादारीणबाई वाईट नव्हती. धिप्पाड बाई, गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, कमरेला किल्ल्या. तिच्या घरी सासू होती आणि सासूचा राग ती अधूनमधून आमच्यावर काढायची, पण तो तासाभरात उतरायचा. तिला आमची शाळा दिसत होती. एक दिवस ती सूप पाखडणाऱ्या आईजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पाह्य बाई, मी डोये मिटून नोकरी नाही करत. नाही लागला तं नाही लागला म्हनन, लागला तं लागला म्हनन. खोटं निंगलं तं माई भाकर जाईल अना तुही माफी." आई सूप हलवत राहिली. मग जमादारीणबाई म्हणाली, "अंबाडा चांगला बांधतं तू." आणि थुंकायला निघून गेली. याचा अर्थ काय घ्यायचा त्यावर आईने दोन दिवस विचार केला.

आमच्यात एक बुढी होती. मोहाची दारू गाळायची, त्यात सापडायची, थोडी सजा भोगून जायची आणि पुन्हा यायची. सासरी-माहेरी जावं तसं तिचं चाले. ती आली की खोलीत जरा वारा आल्यासारखं वाटायचं. बाहेरचं सगळं तिला ठाऊक असायचं, पाऊस किती झाला, रोवणे आटोपले का, नवी एसटी कुठवर जाते. जमादारीणबाईलाही ती "काय माय, पोट्टं बरं हाये का?" विचारायची. त्या वर्षी ती आली तेव्हा हलका धान फुटत होता, लोंब्या बाहेर येत होत्या. तिने सांगितलं आणि आईने सूप खाली ठेवलं. हलका धान फुटला म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे तो कापतील, आणि त्याच्यामागे भारी. आई बोटांवर मोजत नव्हती, पण ओठ हलत होते. त्या दिवशी तिने मला जवळ घेऊन इतकं करकचून धरलं की मला दुखलं.

बुढीला पोरांची हौस. तिने आपल्या फाटक्या लुगड्याचा एक तुकडा जमादारीणबाईची परवानगी काढून मला नेसवला. पोरीच्या अंगावर दुसरं नाही, असं काहीतरी सांगितलं. मला तोपर्यंत जेलच्या कापडाचं झबलंच ठाऊक. मी झबल्यावर ते लुगडं नेसून अंगणात फिरले आणि सगळ्या बाया कौतुकाने बघायला लागल्या. बुढीने मला बाईसारखं बसायला शिकवलं, बाईसारखं सूप धरायला, आणि मोठ्या माणसापुढे पदर घ्यायला. आमच्याकडे वडीलधारा पुरुष समोर आला की बाई उजव्या हाताने पदर डोक्यावरून ओढते आणि डाव्या कानामागे दाबते. सगळ्या बाया साहेबांपुढे तेच करायच्या, मी दर फेरीला बघत आले होते. आता माझ्याकडेही पदर होता. मी तो शंभरदा घेतला असेल. आई पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. बुढीला कानाची भानगड कोणी सांगितली नव्हती, आणि मला ती आठवली नाही, कारण हा हात नव्हता, हा पदर होता.

फेरीच्या दिवशी आईने अंबाडा नेहमीसारखा उंच बांधला. लुगडं मी सोडायला तयार नव्हते, रडले, म्हणून राहू दिलं. साहेब आले. माझ्यापुढे थांबले. जमादारीणबाईने माझा हात धरला आणि मी खांदा दाबला, कोपर वाकडं केलं, मान नेली. सगळं नीट झालं. तिने अंबाड्यापाशी जरा जोर केला, बोटं कानाच्या वर बोटभर राहिली असतील. "नाही लागत, सायब."

"पाचची नाही झालीस अजून?" साहेब मला म्हणाले.

"नाही."

साहेब हसले. ते हसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. "वा," ते म्हणाले, "पण लुगडं छान नेसलीयेस. अगदी शहाणी बाई दिसतेस."

वडीलधाऱ्या पुरुषाने माझं कौतुक केलं होतं. मला लाज वाटली आणि मी बाईने जे करायचं ते केलं. उजव्या हाताने पदर उचलला, अंबाड्यावरून ओढला आणि डाव्या कानामागे नीट दाबला. मान खाली घातली आणि तशीच बसून राहिले.

 मला वाटलं, काहीतरी चांगलं झालं म्हणून सगळे गप्प आहेत. मग शेजारून आईच्या तोंडून एक आवाज आला, शब्द नव्हता तो. तेव्हा मला माझी बोटं कळली. ती कानावर होती, कानाच्या पाळीच्याही खाली. मी हात काढला नाही. काढला तर दिसेल, असं वाटलं.

साहेबांचं हसू गेलं. ते जमादारीणबाईकडे पाहू लागले, जमादारीणबाई जमिनीकडे पाहू लागली. "लागतो की," साहेब हळूच म्हणाले. आई उठून उभी राहिली. गिनतीत आणि फेरीत उठायचं नसतं. ती म्हणाली, "थोडेच दिवस राह्यले जी. भारी धान निंगेपर्यंत ठेवा जी. तिले कोनी नाही जी." ती पाया पडायला वाकली तर साहेब मागे सरले. मला आता वाटतं की तेही घाबरले होते. ते म्हणाले की उठलीस, खोटं बोललीस, याची पेशी मी लावत नाही, माफी कापत नाही, तेवढं माझ्या हातात आहे. पोरगी ठेवणं माझ्या हातात नाही. बुढी कपाळ बडवून घेत होती आणि "मले काहून नाही सांगितलं वो" म्हणत होती.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. रोज गिनतीला जमादारीणबाई "लेकरू एक" म्हणायची आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत बसायची, आज म्हणते, उद्या म्हणेल की नाही. दिंडी दरवाजा वाजला की मी हौदामागे लपायची. जायच्या सकाळी आईने आठवड्याचं तेल, तिचं आणि माझं, सगळं माझ्या डोक्याला घातलं. अंबाडा बांधला नाही, दोन वेण्या घातल्या. "भारी धान निंगला का येईन," ती म्हणाली. "तिथं रडजो नको. कोनाशी बोलजो नको. माई वाट पाहजो." तिला आतल्या दरवाजापर्यंतच येता येत होतं. मी जमादारीणबाईचं बोट धरून बाहेरच्या दरवाजात गेले आणि वळून पाहिलं तेव्हा मधलं दार लागलं होतं.

बालगृहाबद्दल मला वाईट बोलायचं नाही. तिथं भात मिळायचा. पण तिथं झोपताना दिवा घालवत. जेलात बल्ब रात्रभर जळतो, पहाऱ्याला दिसावं म्हणून. मी अंधार पाहिलेलाच नव्हता. पहिल्यांदा दिवा गेला तेव्हा मला वाटलं माझे डोळे गेले. घंटा वाजली की मी जिथं असेन तिथं उकिडवी बसायची आणि मोजायला कोणी येत नसे. मुली हसायच्या. मला मोजत नाहीत म्हणजे मी कोणाच्याच हिशेबात नाही, मला विसरले, आईलाही मी कुठं आहे ते कळणार नाही, असं मला वाटायचं. तिथल्या मोठ्या बाई खुर्चीवर बसत, डोळ्याला चष्मा. त्या मायेने विचारायच्या, नाव काय बाळ? मी म्हणायचे, नाही. गाव कोणतं? नाही. भूक लागली का? नाही. खुर्चीवरचं माणूस विचारतं आहे, म्हणजे तो साहेबच. त्यांनी शेवटी विचारणं सोडून दिलं.

किती दिवस गेले कोण जाणे. थंडी पडली होती एवढं आठवतं. एक दिवस मला बोलावणं आलं. बाईंच्या टेबलापुढे एक बाई उभी होती. मी आईला जन्मभर पांढऱ्या जाड लुगड्यात पाहिलं होतं. ही हिरव्या लुगड्यात होती. ज्या दिवशी तिला पकडलं त्या दिवशीचं ते लुगडं जेलने ठेवून दिलं होतं आणि सुटताना परत दिलं, हे मला मागाहून कळलं. हातात नव्या बांगड्या होत्या. त्या वाजत होत्या, आणि माझ्या आईचे हात कधी वाजले नव्हते. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी ओळखलं. यात शंका नको. चेहरा ओळखला, उभं राहणं ओळखलं, सगळं ओळखलं.  मी एक पाऊल पुढे टाकलंही.

तेवढ्यात मोठ्या बाईंनी चष्मा सारखा केला. मूल कोणाच्याही हातात देता येत नव्हतं, त्यांना विचारावंच लागत होतं. त्या म्हणाल्या, "ही कोण आहे? तुझी आई आहे का ही?"

खुर्ची होती. टेबल होतं. विचारणारं माणूस होतं. माझा उजवा हात आपोआप अंगाला चिकटला, हनुवटी खाली गेली.

"नाही," मी म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नीट बघ बाळ, घाबरू नको. ही तुझी आई ना?"

"नाही."

मला रडू फुटलं होतं आणि रडत रडत मी तेच म्हणत होते. मोठ्या बाई आता आईकडे पाहू लागल्या, संशयाने. आई जागची हलली नाही. एवढी वर्षं आत काढलेली बाई, हलायला सांगितल्याशिवाय हलत नाही. ती तिथूनच बोलली, अगदी हळू.

"तिले बोलू नका जी. शानी हाये थे. मीच शिकवलं तिले. सायबानं काई बी विचारलं का नाही म्हन, म्हनून." मग तिने तोंडावर पदर घेतला. "आता मलेच नाही म्हनून राह्यली."